काटा साठवर

एमईपी-८०३ए या जनरेटरचं पुढचं झाकण उघडलं की तबकड्यांची रांग दिसते. तेलाचा दाब, शीतकाचं तापमान, टाकीतलं डिझेल, बॅटरीचं चार्जिंग, व्होल्ट, टक्क्यांत दाखवलेला लोड. या रांगेतच एक तबकडी हर्ट्झची आहे, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी, सेकंदाला होणारी तिची आवर्तनं, दाखवणारी. घरगुती जनरेटरवर सहसा फ्रिक्वेन्सीचा काटा नसतो, आणि त्याची चौकशीही कुणी करत नाही. अमेरिकी लष्कराने मात्र तो अगदी डोळ्यांसमोर बसवला आहे आणि फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची मूठही पॅनेलवरच दिली आहे. लष्कराने मोडीत काढलेला हा दहा किलोवॉटचा जनरेटर माझ्या घराला लागला त्याला आता बराच काळ झाला. त्याच्याकडून मी जे शिकलो त्यातला मोठा भाग या एका काट्याने शिकवला आहे.

मी टेक्सासमध्ये राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे गोठवणारी थंडी पडली. तेव्हा ४५ लाखांहून अधिक घरांची आणि व्यवसायांची वीज गेली आणि राज्याच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. आमचं घरही अंधारात होतं. त्या दिवसांचं वर्णन मी इथे करणार नाही, कारण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढे आमचं काहीच नव्हतं. पण नंतर जे अहवाल आले ते मी बारकाईने वाचले. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या आसपास राज्याच्या ग्रिडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणाऱ्या जाळ्याची, एरवी ६० असणारी फ्रिक्वेन्सी ५९.४ हर्ट्झच्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. ती ९ मिनिटं तशीच राहिली असती तर वीजकेंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप ग्रिडपासून सुटी झाली असती आणि जवळजवळ सगळं राज्य एकदम काळोखात गेलं असतं. तिथून ग्रिड पुन्हा उभं करायला आठवडे लागले असते. हातात उरली होती ४ मिनिटं ३७ सेकंद. ग्रिड वाचवण्यासाठी नियंत्रकांनी लाखो घरांची वीज तोडली. वाचताना मी हे आकडे समजून घेतले होते. पण ०.६ हर्ट्झ कमी होणं म्हणजे नेमकं काय, हे अंगात मुरलं नव्हतं.

ते या यंत्रापाशी मुरलं. याचं इंजिन आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर एकाच दांड्यावर फिरतात, मिनिटाला १८०० फेरे, आणि चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला १८०० फेरे म्हणजे बरोबर ६० हर्ट्झ. लोड नसताना काटा ६१-६२ च्या दरम्यान असतो. घर जोडलं की तो खाली सरकतो. मग मध्यवर्ती एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो. त्या क्षणी इंजिनाचा आवाज दबतो, काटा झटक्याने खाली येतो, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर इंधन वाढवतो, धुराचा एक करडा लोट बाहेर पडतो आणि काटा वर चढून साठच्या आसपास स्थिरावतो. कॉम्प्रेसरला ती पहिली उचल देण्यासाठी लागलेली ऊर्जा फिरणाऱ्या लोखंडातून आली. डिझेल पोचायच्या आधी गतीने उधारी दिली आणि ती फेडायला गव्हर्नर धावला. ५९.४ म्हणजे माझ्या यंत्रावर मिनिटाला १७८२ फेरे. अठरा फेऱ्यांचा फरक. टेक्सासमधली शेकडो प्रचंड यंत्रं त्या पहाटे एकाच वेळी अशीच दबली होती आणि उधारी फेडायला पुरेसं इंधन कुठेच नव्हतं. वायूच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या होत्या, आणि वायू पुरवणाऱ्या काही ठिकाणांची वीजच तोडली गेली होती. ग्रिड हा शब्द आता ऐकला की मला तारा दिसत नाहीत, फिरणारं वजन दिसतं.

असा जनरेटर सामान्य माणसाच्या हाती येतो कसा? व्हिएतनाम युद्धाच्या काळापर्यंत अमेरिकी सैन्यात इतक्या वेगवेगळ्या बनावटींचे जनरेटर होते की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नसे. १९६७ मध्ये संरक्षण खात्याने यासाठी स्वतंत्र प्रकल्प कार्यालय नेमलं आणि मोजक्या प्रमाणित आकारांवर सगळ्या दलांना आणलं. एमईपी ही अक्षरं त्या फिरत्या वीजपुरवठ्याच्या कार्यक्रमाचीच. आधी आले ००२ए आणि ००३ए, हवेने थंड होणारी ओनान इंजिनं असलेले, दणकट आणि कानठळ्या बसवणारे. नव्वदच्या दशकात त्यांच्या जागी शांत समजली जाणारी पिढी आली: पाच किलोवॉटचा ८०२ए, दहाचा ८०३ए आणि पुढे पंधरा, तीस, साठ. ८०२ आणि ८०३ मध्ये ब्रिटनच्या लिस्टर-पेटर कंपनीची पाण्याने थंड होणारी इंजिनं आहेत. हे तेच लिस्टर घराणं, ज्याच्या जुन्या संथ इंजिनांच्या प्रती राजकोटच्या कारखान्यांनी बनवल्या. २०१२ च्या सुमारास सैन्यात याहून नवी पिढी दाखल होऊ लागली. ती सुमारे पाचव्या हिश्शाने कमी इंधन खाते. युद्धभूमीवर इंधन नेणाऱ्या ताफ्यांवर हल्ले होतात, तिथे वाचलेल्या प्रत्येक गॅलनला माणसाच्या जिवाचं मोल असतं. म्हणून चालू स्थितीतले जुने जनरेटरही निवृत्त झाले, होत आहेत. संरक्षण खात्याची मालमत्ता विल्हेवाट शाखा, जिचं मुख्यालय मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आहे, ते लिलावासाठी सोडते आणि ऑनलाइन बोली लागते.

लिलावातली वस्तू जशी आहे तशी, जिथे आहे तिथे, या अटीवर विकली जाते. फोटोत दिसतं तेवढंच तुमचं. बोली जिंकली की खरेदीदाराचा अधिभार वेगळा, उचलायची वेळ ठरवून घ्यायची, आणि वेळ चुकली तर साठवणुकीचं भाडं. ८०३ए सुमारे १२०० पौंडांचा आहे, म्हणजे पाचशे किलोच्या वर. त्यामुळे ट्रेलर आणि उतरवून घ्यायची सोय आधी हवी. ट्रेलरवरच बसवलेला संच घेतला तर ट्रेलरच्या नोंदणीचे कागद हाती येतात का, हे बोलीआधी पाहावं. ही इंजिनं राष्ट्रीय सुरक्षेच्या सवलतीखाली प्रदूषणाच्या नागरी मर्यादांमधून सुटलेली होती. घरी बसवण्याआधी आपल्या राज्यात आणि गावात काय चालतं ते विचारावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंबर नीट वाचणं. ८०३ए आणि ८१३ए हे बाहेरून जुळे भाऊ. रंग तोच, पेटी तीच, इंजिन तेच. पण ८१३ए देतो ४०० हर्ट्झ. विमानं, रडार आणि क्षेपणास्त्रांच्या यंत्रणांना ती फ्रिक्वेन्सी लागते, कारण तिच्यावर ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान व हलक्या होतात. घराला तिचा उपयोग नाही. फ्रिज, पंप, एसी यांतलं काहीही तिच्यावर चालवायचं नाही. लिलावाच्या यादीत दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि ४०० हर्ट्झचा बहुधा स्वस्तात जातो. पाच किलोवॉटच्या ८०२ए लाही असाच ८१२ए हा भाऊ आहे. फोटोतली धातूची पाटी वाचता येत नसेल तर मी बोली लावणार नाही.

तासांच्या मीटरवर मी फारसा विसंबत नाही. डेपोत ओव्हरहॉल होताना मीटर बदललेला असू शकतो. त्यापेक्षा मी वायरिंगचे जुडगे कापलेले आहेत का, पॅनेल शाबूत आहे का, प्लॅस्टिकच्या इंधन टाकीला चीर आहे का, तेलात पाणी आहे का, हे पाहतो. बॅटऱ्या मेलेल्या असणारच. त्या दोन लागतात, बारा-बारा व्होल्टच्या, एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या लिस्टर-पेटर इंजिनांचं एक ठरलेलं दुखणं आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंधन पंप असतो आणि त्या पंपांमधून इंधनाचं माप ठरवणारी पट्टी सरकते. जुनं डिझेल चिकट होऊन ही पट्टी अडकवतं. अडकली तर इंजिन सुरू होत नाही, आणि भलत्या जागी अडकली तर इंजिन बेफाम फिरू शकतं. म्हणून अशा इंजिनाला पहिल्यांदा स्टार्ट देण्याआधी पट्टी हाताने मोकळी हलते का ते पाहायचं आणि हवा बंद करून इंजिन कोंडायची तयारी जवळ ठेवायची. यंत्रावर एक खटका आहे, तो इंजिन सुरू न करता नुसतं फिरवतो. मेकॅनिक पाहणी करताना तो वापरतो आणि आधी तेल फिरवून घ्यायलाही तो उपयोगी पडतो. असा खटका ठेवणाऱ्या माणसाने कधीतरी पावसात, अंधारात दुरुस्ती केली असणार.

हे सगळं मला कुठून कळलं? पुस्तिकेतून. आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हे यंत्र घ्यावं की नाही या प्रश्नाचं माझं उत्तर या पुस्तिकांपाशी आहे. लष्कराच्या प्रत्येक जनरेटरला तांत्रिक पुस्तिकांचा संच असतो. ज्या पुस्तिकेच्या क्रमांकाच्या शेवटी दहाचा आकडा ती चालवणाऱ्याची, ज्याच्या शेवटी चोवीस ती दुरुस्ती करणाऱ्याची. दुरुस्तीच्या पुस्तिकेत प्रत्येक तारेला क्रमांक आहे आणि तोच क्रमांक प्रत्यक्ष तारेवर छापलेला आहे. प्रत्येक रिलेचं काम सांगितलेलं आहे. बिघाड शोधायचा तर अमुक दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा, असेल तर या पायरीवर जा, नसेल तर त्या, असं हात धरून नेलेलं आहे. लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की वाचणारा विशीतला आहे, थकलेला आहे, यंत्र त्याने पूर्वी उघडलेलं नाही आणि मदतीला कुणी येणार नाही.

बाजारातल्या नव्या स्टँडबाय जनरेटरच्या पुस्तिकांची पहिली पानं इशाऱ्यांनी भरलेली असतात, आणि पुढे बहुतेक बिघाडांवर एकच उपाय असतो: अधिकृत विक्रेत्याला बोलवा. नियंत्रण सगळं एका बंद सर्किट बोर्डात. बोर्ड गेला तर बोर्ड बदला. वादळात रस्ते बंद असताना तो विक्रेता येणार नाही, यात त्याचा दोष नाही. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्टो रिकोच्या काही भागांत वीज परतायला जवळपास ११ महिने लागले. इतक्या काळात कुठलंही यंत्र एकदा तरी बंद पडणार. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की ते तुमच्याच्याने उघडतं का.

आमच्या भागात एक निवृत्त सैनिक आहेत. जनरेटर दुरुस्ती हाच त्यांचा सैन्यातला पेशा होता. माझ्या यंत्राचा मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज बाहेर सोडणारा मोठा स्विच, जोडला जात नव्हता तेव्हा ते येऊन बसले, पण हात खिशातच ठेवून. पुस्तिकेतलं पान काढायला लावलं, मोजमाप मला घ्यायला लावलं, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला लावला. बिघाड एका गंजलेल्या जोडणीत निघाला. ते स्वतः करते तर क्षणात झालं असतं. "यंत्र तुमचं आहे," एवढंच ते म्हणाले. मी त्यांचा ऋणी आहे.

आता आणखी एका खटक्याविषयी, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. पॅनेलवर झाकणाखाली एक स्विच आहे, बॅटल शॉर्ट नावाचा. एरवी तेलाचा दाब पडला किंवा इंजिन फार तापलं तर जनरेटर स्वतःला बंद करतो. हा स्विच वर केला की त्यातले बहुतेक संरक्षक अडथळे बाजूला होतात आणि यंत्र चालत राहतं, मग त्यात ते जळून गेलं तरी. लढाईत शस्त्रक्रियेच्या तंबूला किंवा रडारला वीज मिळत राहणं हे दहा किलोवॉटच्या यंत्रापेक्षा मोलाचं असू शकतं, आणि तो निर्णय तिथे उभ्या असलेल्या माणसाने घ्यायचा, हे लष्कराने मान्य केलं आहे. यंत्राचा बळी द्यायचा अधिकार चालवणाऱ्याच्या हातात ठेवला आहे.

घरात हा स्विच वर करावा असा प्रसंग कोणता? मी शोधून पाहिला. फ्रिजमधलं अन्न नव्हे, उकाडा नव्हे, इंटरनेट तर नव्हेच. घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल आणि सिलिंडर संपत आला असेल, असा एकच प्रसंग मला सुचतो. आणि तसं असेल तर खरा उपाय आधीच करून ठेवायला हवा: जादा सिलिंडर, बॅटरी, आणि वेळीच घर सोडून जायची तयारी. आमच्या घरी हा नियम ठरला आहे की त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही. तरीही तो स्विच मी काढून टाकलेला नाही. तो काय करतो हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावं असं मला वाटतं, कारण संकटात आपण नेमकं काय वाचवतोय हा प्रश्न तो विचारायला लावतो, आणि हा प्रश्न शांत डोक्याने आधी सोडवलेला बरा.

घरगुती वापरात या यंत्रांना खरा त्रास जास्त लोडचा होत नाही, कमी लोडचा होतो. रात्री घर झोपलं की फ्रिज आणि चार दिवे मिळून एक किलोवॉटही होत नाही. दहा किलोवॉटचं डिझेल इंजिन इतक्या हलक्या कामावर नीट तापत नाही. इंधन पूर्ण जळत नाही, काळं ओशट द्रव्य सायलेन्सरमध्ये आणि नळीत साठतं. यावर उपाय म्हणजे इंजिनाला काम देणं. इमारतींच्या आपत्कालीन जनरेटरसाठीच्या एनएफपीए ११० या मानकात महिन्यातून एकदा ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर चालवण्याची अपेक्षा आहे. घराला ती सक्ती नाही, पण मी ती पाळतो. पाणी तापवायच्या टाकीची साडेचार किलोवॉटची कॉइल सुरू केली की चाळीस टक्क्यांच्या वर जातो. ज्यांच्याकडे मध्यवर्ती एसी नाही किंवा आणीबाणीत तो चालवायचा नाही, त्यांनी पाच किलोवॉटचा ८०२ए घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लष्करी आकडे सावध असतात. पाचाचा पाच खरोखर देतो, तासन् तास देतो. मोठा घ्यायचा मोह खूप होतो, पण मोठं यंत्र रिकामं चालवणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

डिझेलबद्दल थोडक्यात. पूर्ण लोडवर ८०३ए तासाला जवळपास एक गॅलन पितो आणि त्याची स्वतःची टाकी नऊ गॅलनची आहे. पण बाहेरच्या पिंपातून ओढून घेणारा पंप त्यातच आहे. ५५ गॅलनचं एक पिंप अर्ध्या लोडवर साडेतीन-चार दिवस पुरतं. रस्त्यावर न चालणाऱ्या यंत्रांसाठी लाल रंगाचं करमुक्त डिझेल कायदेशीर आहे. साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं आणि त्यात जंतू वाढतात, म्हणून मी ते फिरतं ठेवतो. थंडीत ते घट्ट होतं, तेव्हा हिवाळी मिश्रण थंडीच्या आधी घालायचं. थंडी पडल्यावर त्याचा उपयोग नाही.

घराला जोडणी मात्र मी स्वतः केली नाही, आणि कुणी करू नये. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन, शहराची परवानगी, आणि ट्रान्सफर स्विच किंवा मुख्य पॅनेलवर यांत्रिक इंटरलॉक, म्हणजे घर एका वेळी ग्रिडला किंवा जनरेटरला, एकालाच जोडलेलं राहील अशी सोय. दोन्ही बाजूंना खुल्या पिना असलेली वायर कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटला लावून घर चालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या वायरीतून उलट गेलेले २४० व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चढून हजारो व्होल्ट होतात, आणि तार मेलेली आहे असं समजून वर चढलेल्या लाइनमनला ते मारतात. तुमची वीज परत आणायला आलेला माणूस! या एका गोष्टीवर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. लष्करी यंत्रात न्यूट्रल आणि अर्थ आतच जोडलेले असतात. घराच्या पॅनेलमध्येही ते जोडलेले असतात. यातली कुठली जोडणी ठेवायची हे तुमचा ट्रान्सफर स्विच न्यूट्रल तोडतो की नाही यावर ठरतं, आणि ते इलेक्ट्रिशियनला समोर उभं राहून विचारायचं. यंत्रात व्होल्टेज निवडायचा स्विच असतो. लष्करात तो बहुधा थ्री-फेज १२०/२०८ वर असायचा, घराला सिंगल-फेज १२०/२४० हवं. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट बाजूला, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म. २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये माणसं गारठून गेली तशी या वायूनेही गेली.

चालवायची पुस्तिका इंग्रजीत आहे आणि तिची भाषा सैन्याची आहे. मी तिच्यावरून घरासाठी एक पानाची मराठी प्रत केली. मेन ब्रेकर बंद आहे ना पहा. मास्टर स्विच प्रीहीटवर, ३० सेकंदांहून जास्त नाही. मग स्टार्टवर धरून ठेवा, तेलाचा दाब चढला की रनवर सोडा. पाच मिनिटं रिकामं चालू द्या. काटा ६१-६२ च्या दरम्यान आणा. मग इंटरलॉक सरकवा, मग एसी इंटरप्टर (यंत्राची वीज घराकडे सोडणारा खटका) जोडा, दिवा लागेपर्यंत धरा. बंद करताना उलट क्रमाने, आणि पुन्हा पाच मिनिटं रिकामं.

बायकोने ती प्रत घेऊन यंत्र सुरू केलं तेव्हा मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. नंतर धाकटीने केलं. तिने मध्येच थांबून कागद वर धरला. "बाबा, इथे इंटरलॉक सरकवा लिहिलंय, पण आधी घरातले सगळे ब्रेकर पाडायचे हे लिहिलंच नाही. तुम्ही ते न सांगता करता." खरंच, माझ्या हातांना ते इतकं पाठ होतं की कागदावर आलंच नव्हतं. तिने तिथेच पेन मागून ती ओळ घातली, खाली कुठला ब्रेकर कोणत्या क्रमाने चढवायचा याची यादी केली, पाणी तापवायची टाकी शेवटी ठेवली आणि मग इंटरप्टर जोडला.